कंपोस्टचा डबा विकू नका, तिसरा आठवडा सांभाळा



ओल्या कचऱ्याचं घरीच खत करावं, याला आजकाल कुणीच नाही म्हणत नाही. सोसायटीच्या मीटिंगमध्ये विचारून बघा, सगळे हात वर. दहा जण त्याच आठवड्यात डबा घेतात, फोटो टाकतात. मग सहा महिन्यांनी त्याच सोसायटीत फेरी मारा. एका बाल्कनीत त्या डब्यात कांदे-बटाटे, दुसरीकडे जुन्या चपला, तिसरीकडे डबा उलटा घालून त्यावर तुळशीची कुंडी. डबा घरात पोचला, पण खत काही झालं नाही.

सिंहगड रोडला माझं घरगुती सामानाचं दुकान आहे. बादल्या, झाडू, कुंड्या, आणि गेली काही वर्षं कंपोस्टचे डबे आणि कोकोपीटच्या विटा. त्यामुळे हे चित्र मी काउंटरच्या या बाजूने बघतो. व्हिडिओत वेळ कमी असतो, तिथे मी फक्त डबा कसा लावायचा ते दाखवलं. लोकांना याची सवय कशी लावायची, हे इथे नीट लिहितोय. तुम्ही बचत गट चालवत असाल, नर्सरी असेल, किराणा दुकान असेल आणि त्याला जोडून काही सुरू करायचं असेल, तर वाचा. सोसायटीच्या कमिटीवर असाल आणि शेजाऱ्यांच्या मागे लागून दमला असाल, तरी वाचा. दोघांचं काम एकच आहे. लोकांना सुरू करायला लावायचं आणि मग ते बंद पडू द्यायचं नाही. यातलं पहिलं काम सोपं आहे. सगळा जोर आपण त्यावरच लावतो, तिथेच गाडी अडते.

बंद का पडतं, हे समजून घ्या

लोक कंटाळा करतात म्हणून कंपोस्ट बंद पडतं, असं कमिटीवाले म्हणतात. मला ते पटत नाही. जी बाई रोज न चुकता दूध तापवते, विरजण लावते, डोशाचं पीठ आंबवते, तिला कचऱ्यावर मूठभर पाला टाकायचा कंटाळा येईल? बंद पडतं ते वासामुळे आणि अळ्यांमुळे. आणि हे दोन्ही साधारण दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात येतात. त्या वेळी घरात सांगणारं कुणी नसतं. सासूबाई म्हणतात, "आधी हे बाहेर काढ." खालच्या मजल्यावरचे म्हणतात, "तुमच्या बाल्कनीतून काहीतरी गळतंय." संपला विषय.

आता हा वास येतो कुठून? आपल्या स्वयंपाकघरातला कचरा म्हणजे मुख्यतः पाणी. कोथिंबिरीची देठं, दुधीची साल, पिचका टोमॅटो, कलिंगडाची सालं, यांच्या वजनात पाऊण हिस्सा किंवा त्याहून जास्त पाणीच असतं. कचरा कुजायला लागला की हे पाणी सुटतं. कचरा खाली बसतो, मधल्या फटी पाण्याने भरतात आणि हवा बाहेर जाते. हवेवर जगणारे जिवाणू मागे पडतात आणि हवेशिवाय जगणारे जोर धरतात. दुर्गंधी या दुसऱ्या टोळीची. हवा मिळाली तर त्याच भाजीच्या देठांना पहिल्या पावसानंतरच्या मातीसारखा वास येतो. म्हणजे दोष कचऱ्याचा नाही, हवा कमी पडते त्याचा आहे. आणि हवा खेळती ठेवण्याचं काम कोण करतं? सुका पाला.

सुक्या पाल्याचं दुसरंही एक काम आहे. जिवाणूंनाही जेवण लागतं. ओल्या कचऱ्यात नायट्रोजन जास्त, सुक्या पानांत कार्बन जास्त. मी प्रशिक्षणात असं सांगतो की ओला कचरा म्हणजे कालवण आणि सुका पाला म्हणजे भाकरी. नुसतं कालवण ओरपत राहिलं तर पोट बिघडणारच. शास्त्रात याचं प्रमाण दिलेलं आहे. एक भाग नायट्रोजनला २५ ते ३० भाग कार्बन असेल तर कुजण्याची क्रिया उत्तम चालते. भाजीपाल्यात हे प्रमाण साधारण १५ ते २० असतं, सुक्या पानांत ५० किंवा त्याच्याही वर. दोन्ही मिसळले की मधला आकडा जमतो. घरात कुणी हा हिशोब करणार नाही आणि करायची गरजही नाही. एक वाटी ओला कचरा, त्यावर कमीत कमी एक वाटी चुरलेला पाला. पावसाळ्यात दीड-दोन वाट्या. बस.

आणि तपासायचं कसं, तर मुठीने. डब्यातलं मिश्रण मुठीत घेऊन दाबा. पाण्याची धार लागली तर ओल जास्त, पाला घाला आणि हलवा. बोटांमधून एखादा-दुसरा थेंब आला तर झकास. मूठ उघडल्यावर भुगा होऊन सांडलं तर कोरडं आहे, पाण्याचा हबका मारा. हातात घालायला प्लास्टिकचा मोजा द्या, नाहीतर मूठ दाबायला कुणी तयार होत नाही, हे अनुभवाने सांगतो.

वासाचेही दोन प्रकार आहेत आणि हा फरक गिऱ्हाइकाला फोनवर विचारता येतो. सडक्या अंड्यासारखा किंवा गटारासारखा वास असेल तर आत हवा नाही, तळापासून उकरून पाला मिसळायचा. नाकाला झोंबणारा, अमोनियासारखा वास असेल तर कालवण जास्त झालंय, भाकरी वाढवायची. दोन्ही वेळा इलाज पाल्याचाच, पण पहिल्यात उकरणं महत्त्वाचं. नुसता वरून पाला शिंपडून तळातला चिखल सुधारत नाही.

चौथा दिवस, दहावा दिवस, विसावा दिवस

आता धंद्याचं बोलू. डबा विकल्यावर तुमच्या वहीत तीन तारखा लिहा. कमिटीवाले असाल तर तुमच्याकडेही ही वही पाहिजे.

चौथ्या दिवशी फोन करा आणि विचारा, "खाली पाणी आलंय का?" बहुतेक वेळा आलेलं असतं. काळपट, थोडं चिकट. हेच पाणी खालच्या मजल्यावर गळतं आणि भांडण लागतं. म्हणून डबा विकताना खाली ताट आणि दोन विटा किंवा स्टँड सांगायचंच. ते पाणी झाडांना घालायचं असेल तर दहापट साधं पाणी मिसळून घाला. पण रोज वाटीभर येत असेल तर ते 'लिक्विड खत' वगैरे काही नाही, पाला कमी पडतोय एवढाच त्याचा अर्थ. काही विक्रेते या पाण्याची फार तारीफ करतात. मला विचाराल तर जितकं कमी येईल तितकं बरं.

दहाव्या दिवशीच्या फोनवर दोन गोष्टी ऐकायला मिळतात. एक, "पांढरी बुरशी आलीये, बिघडलं वाटतं." बिघडलेलं नाही. कापसासारखी ती बुरशी पाला आणि देठं फोडायचं काम करते. उलट अभिनंदन करा. दुसरी गोष्ट, चिलटं. केळ्याच्या, आंब्याच्या सालींवर चिलटांची अंडी आधीच असतात, बाजारातूनच येतात ती. फळांच्या साली वरती उघड्या ठेवायच्या नाहीत, खाली गाडून वर पाल्याचा दोन बोटं जाड थर द्यायचा. झाकणाखाली जुन्या ओढणीचं फडकं घातलं की आत हवा जाते, चिलटं जात नाहीत.

विसाव्या दिवसाचा फोन मात्र चुकवू नका. शक्य असेल तर फोनपेक्षा प्रत्यक्ष जा. या सुमाराला अळ्या दिसतात. करड्या-बदामी रंगाच्या, जाडसर, वळवळणाऱ्या. बघून अंगावर काटा येतो, खोटं कशाला बोलू. पण या बहुतेक वेळा ब्लॅक सोल्जर फ्लाय नावाच्या माशीच्या अळ्या असतात. त्या चावत नाहीत, रोग पसरवत नाहीत, आणि कचरा इतक्या वेगाने फस्त करतात की जगात अनेक ठिकाणी लोक त्या मुद्दाम पाळतात. मोठी माशीही चावत नाही आणि घरातल्या अन्नावर घोटाळत नाही. हे सगळं खरं असलं तरी गिऱ्हाइकाला लेक्चर देऊ नका. ज्या घरात पालीला घाबरतात तिथे अळीचे फायदे सांगून कुणी शांत होत नाही. सरळ सांगा, "ओल जास्त झालीये म्हणून आल्यात. पाला दुप्पट करा, दोन दिवस काही घालू नका, डबा ऊन लागेल असा ठेवा." ओल उतरली की अळ्याही कमी होतात.

विसाव्या दिवसाची दुसरी तक्रार म्हणजे, "डबा भरला, पण खत तर दिसतच नाही." इथे दुकानदाराची जबाबदारी आहे. एका डब्यात कधीच खत मिळत नाही, कारण वरून रोज नवा कचरा पडत राहतो. दोन डबे लागतात. एक भरायचा आणि एक मुरायला ठेवायचा, लोणच्यासारखा. भरलेल्या डब्याला मधूनमधून हलवत महिना-दीड महिना सोडायचं. म्हणजे सुरुवातीपासून धरलं तर हातात खत यायला दोन ते तीन महिने. 'पंधरा दिवसांत खत' असं पाकिटावर लिहिलेलं असलं तरी तुम्ही तोंडाने तसं बोलू नका. दोन डब्यांचं भांडवल नको वाटत असेल तर मुरायला जुनी बादली चालते, बुडाला आणि कडेला भोकं पाडून. मी दुकानात हे सांगतो तेव्हा एका डब्याची विक्री जाते, पण तेच गिऱ्हाईक वर्षभर येत राहतं.

चोवीस तासांत खत करून देणारी विजेची मशिन्स येतात, त्याबद्दल खूप विचारणा होते. बहुतेक घरगुती मशिन्स कचरा तापवून, वाळवून त्याचा भुगा करतात. तो सुकलेला कचरा असतो, मुरलेलं खत नव्हे. कुंडीत घालून पाणी दिलं की तो पुन्हा कुजायला लागतो, वासही येतो. मशीन घ्यायचंच असेल तर कचरा कमी जागेत मावतो म्हणून घ्या, आणि तो भुगा नंतर डब्यात मुरवा.

सुरुवात छोटी ठेवा

नवीन घराला पहिले तीन आठवडे फक्त कच्चा भाजीपाला आणि फळांच्या साली घालायला सांगा. चहाचा चोथाही चालेल, गाळून, निथळून. उरलेली आमटी, भात, मासळी, चिकन, तेलकट काही नाही. कुजत नाही म्हणून नव्हे, तर शिकाऊ हाताला ते झेपत नाही आणि उंदीर-माश्या तिथूनच लागतात. हात बसला की शिजवलेलं खरकटं थोडं थोडं, पाणी निथळून, भरपूर पाल्यात. नारळाची करवंटी, आंब्याच्या कोयी, मोठी हाडं ही मात्र कायमची बाहेर. कोयी कुजतात, पण तोपर्यंत तुमची सोसायटी रीडेव्हलपमेंटला गेलेली असेल.

बाजारात 'कल्चर' नावाने पावडर मिळते. वाईट नाही, पण अत्यावश्यकही नाही. आपल्याला विरजण माहीत आहे ना, तेच हे. कुणाच्या तरी डब्यातलं अर्धवट तयार खत दोन मुठी आणून टाका, किंवा थोडं शेणखत, किंवा वाटीभर आंबट ताक पाण्यात कालवून शिंपडा. पहिल्या गिऱ्हाइकाचं खत दुसऱ्याला विरजण म्हणून द्या. या विरजणामुळे दोन घरांत बोलणंही सुरू होतं, आणि एकमेकींना विचारून शिकलेल्या बायका दुकानदाराला विचारून शिकलेल्यांपेक्षा जास्त टिकतात.

आणखी एक. डबा विकत कोण घेतं आणि चालवतं कोण? विकत घेतो बहुतेक नवरा किंवा कॉलेजातली मुलगी. चालवते गृहिणी किंवा कामाला येणाऱ्या मावशी. भाजी मावशी चिरतात, देठं त्या टाकतात, ओटा त्या पुसतात. आपण मात्र सगळी माहिती साहेबांना देतो. डेमो द्यायला जाल तर मावशी असतील त्या वेळेला जा. पाला कुठे ठेवलाय, वाटी कुठली, झाकण कसं, हे त्यांच्या हातून करून घ्या. पाल्याची पिशवी डब्याच्या शेजारीच पाहिजे, हात लांबवला की मिळेल अशी. ती कपाटात वर ठेवली की पाला घालणं दोन दिवसांत बंद होतं. आणि मावशींनी हे जास्तीचं काम करायचं असेल तर महिन्याला त्याचे थोडे वेगळे पैसे द्यावेत, हेही मी घरच्यांना सांगतो. काहींना राग येतो. येऊ दे.

पाला मिळतो फाल्गुनात, लागतो आषाढात

हा मुद्दा व्हिडिओत राहून गेला होता, आणि माझ्या मते या सगळ्या धंद्याची किल्ली इथेच आहे.

आपल्याकडे पानगळ साधारण फेब्रुवारी ते एप्रिल. रस्त्यारस्त्यावर ढीग पडलेले असतात आणि लोक ते जाळतात. धूर होतो, खोकला होतो, आणि चांगला माल राख होतो. पुढे जून ते सप्टेंबर, जेव्हा हवेत ओल असते, डब्यात चिखल होतो आणि पाल्याची खरी गरज पडते, तेव्हा एक सुकं पान मिळत नाही. डबे सगळ्यात जास्त बंद पडतात ते पावसाळ्यातच. मग आपल्या आजीने काय केलं असतं? उन्हाळ्यात वाळवण घातलं असतं. पापड, कुरडया, सांडगे पावसाळ्यासाठी उन्हाळ्यातच करून ठेवतात, तसाच पालाही.

मार्च महिन्यात धान्याची रिकामी पोती घ्या. बाजारात स्वस्त मिळतात. सोसायटीच्या सफाई कामगारांना आणि शेजारच्या शाळेच्या शिपायांना सांगून ठेवा की पाला जाळू नका, पोत्यात भरून द्या, पोत्यामागे अमुक पैसे. प्लास्टिक, गुटख्याच्या पुड्या, काड्या निवडून काढा. पाला कडकडीत वाळवून पायाने तुडवून चुरा, म्हणजे एका पोत्यात तिप्पट मावतो. कोरड्या जागी जमिनीपासून उंच ठेवा. निलगिरीची पानं घेऊ नका, आंबा-फणसाची जाड पानं चुरल्याशिवाय देऊ नका. पाला कमी पडला तर कोकोपीट आहे, लाकडाचा भुसा आहे. भुसा प्लायवूडचा नको, त्यात गोंद आणि रसायनं असतात. साध्या लाकडाचा चालतो, पण थोडा थोडा, कारण तो फार सावकाश कुजतो.

बीबीएला असताना मार्केटिंगच्या तासाला रेझर आणि ब्लेडचं उदाहरण असायचं. रेझर एकदा विकला जातो, ब्लेड कायम. आपल्याकडे पाण्याचा फिल्टर आणि त्याची कँडल घ्या. कंपोस्टमध्ये डबा म्हणजे रेझर आणि पाला म्हणजे ब्लेड. समजा एका डब्यामागे तुम्हाला ३०० रुपये सुटतात. एकदाच. समजा पाला आणि कोकोपीटचं महिन्याचं पाकीट १२० रुपयांना देता आणि त्यात ५० सुटतात. वर्षाचे ६०० झाले, आणि ते घर चालू राहिलं तर पुढच्या वर्षी पुन्हा. हे आकडे उदाहरणादाखल आहेत, तुमच्या गावचे भाव तुम्ही घाला. पण घर चालू राहिलं तरच पाकीट जातं, हे लक्षात ठेवा. म्हणून विसाव्या दिवसाचा फोन.

आणि हो, पाला फुकट गोळा करता येतो हे गिऱ्हाइकाला आधी सांगायचं. ज्याला वेळ आहे तो गोळा करील. ज्याला नाही तो तुमच्याकडून घेईल आणि तुमच्यावर विश्वासही ठेवील.

बंगळुरूत पूनम बीर कस्तुरी यांनी २००६ साली 'डेली डंप' सुरू केलं. एकावर एक तीन मातीची भांडी, त्याला त्या कंभा म्हणतात. मला त्यात सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे त्यांनी आपली डिझाइनं इतरांना बनवायला, विकायला मोकळी ठेवली. घरगुती कंपोस्टिंग वाढायचं तर एकाच दुकानाने विकून भागणार नाही, गावोगावचे कुंभार त्यात आले पाहिजेत. तुमच्या गावात कुंभारवाडा असेल तर आधी तिथे जा. मातीचं भांडं ओल शोषतं, श्वास घेतं, आणि पावसाळ्यात प्लास्टिकपेक्षा त्यात चिखल कमी होतो. जड असतं आणि फुटतं, ही मात्र अडचण आहेच.

लोकांना काय सांगायचं

पर्यावरण वाचवा असं सांगून मी आजवर फारसे डबे विकलेले नाहीत. "रात्री ओट्याखालची बादली वास मारणार नाही" असं सांगून बरेच विकलेत. ओला कचरा रोज बाहेर गेला नाही तरी चालतं, दोन दिवस गाडी आली नाही तरी घरात घाण होत नाही, हा फायदा माणसाला आज समजतो. डेमोला तयार खत वाटीत घेऊन जा आणि वास घ्यायला लावा. लोक आधी मान मागे घेतात, मग आश्चर्याने पुन्हा वाटी नाकाशी नेतात. तिथे निम्मं काम होतं. 'वास अजिबात येत नाही' असं म्हणू नका. ओल्या मातीचा वास येतो असं म्हणा, तेच खरं आहे.

घरातल्यांना एक आठवडा ओला कचरा वजनकाट्यावर ठेवायला सांगा. चार माणसांच्या घरात रोजचा अर्धा ते पाऊण किलो भरतो. महिन्याला पंधरा-वीस किलो. हा आकडा आपल्याच काट्यावर दिसला की आपल्याला काही सांगावं लागत नाही.

नियमांचं म्हणाल तर २०१६ च्या घनकचरा नियमांनी घरातच ओला-सुका वेगळा करणं बंधनकारक केलं, आणि रोज १०० किलोच्या वर कचरा करणाऱ्यांना मोठे उत्पादक ठरवून त्यांच्यावर ओला कचरा शक्य तितका आवारातच जिरवण्याची जबाबदारी टाकली. पुणे महापालिका गांडूळखत, सौर ऊर्जा किंवा पावसाचं पाणी साठवणं यांपैकी एक प्रकल्प असेल तर मिळकतकरात ५ टक्के आणि एकापेक्षा जास्त असतील तर १० टक्के सवलत देत आली आहे. सोसायटीच्या सेक्रेटरीला हे जरूर सांगा, अटी वॉर्ड ऑफिसात विचारून घ्या. पण घरातल्या बाईला कायद्याची भीती घालू नका. भीतीने घेतलेला डबा सगळ्यात आधी बंद पडतो.

ज्यांना खोलात ऐकायचं आहे त्यांना फुरसुंगीचं सांगतो. पुण्याचा कचरा वर्षानुवर्षं उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या डेपोत गेला. तिथल्या विहिरी खराब झाल्या, माश्या, वास, धूर. गावकऱ्यांनी गाड्या अडवल्या, एकदा नाही, अनेकदा. २०१७ च्या उन्हाळ्यात डेपोला आग लागली तेव्हाचं आंदोलन तर तीन आठवड्यांच्या आसपास चाललं, आणि तेव्हा शहरातल्यांना आपला कचरा प्रथमच दिसला. मुंबईचं देवनार तर १९२७ पासूनचं. २०१६ च्या जानेवारीत तिथे आग लागली तेव्हा शाळा बंद ठेवाव्या लागल्या. या आगींना खतपाणी कोण घालतं? ढिगाखाली हवेशिवाय कुजणारा ओला कचरा. त्यातून मिथेन निघतो आणि मिथेन पेट घेतो. तुमच्या बाल्कनीतल्या बिघडलेल्या डब्यात जे होतं, तेच तिथे डोंगराएवढ्या ढिगात होतं.

आणि कचरा घ्यायला दारात येणाऱ्या ताई. पुण्यात स्वच्छ संस्थेच्या, म्हणजे कचरावेचकांच्या स्वतःच्या सहकारी संस्थेच्या, सभासद घरोघरून कचरा नेतात. सुक्या कचऱ्यातला कागद, पुठ्ठा, प्लास्टिक विकून त्यांना वरचे पैसे मिळतात. आमटीत भिजलेल्या पेपरला भंगारवाला भाव देत नाही. ओला कचरा घरातच राहिला की सुका कोरडा राहतो, त्यांचे हात घाण होत नाहीत आणि मालाला दर येतो. फक्त "आता आमचा ओला कचरा नाही" म्हणून त्यांचे महिन्याचे पैसे कापू नका. असं करणारे महाभाग आहेत, म्हणून लिहिलं.

"आमच्याकडे बाग नाही, खत घेऊन काय करू?"

हा प्रश्न शंभर टक्के येणार, त्याचं उत्तर आधीच तयार ठेवा. पंधरा-वीस किलो कचऱ्याचं खत होताना पाणी उडून जातं, उरतं तीन-चार किलो. दहा कुंड्यांना ते सहज जिरतं. कुंड्या नसतील तर सोसायटीची झाडं आहेत, गावाकडे परसबाग आहे, नर्सरीवाला आहे. मी दुकानात असं ठेवलंय की चाळलेलं खत आणा आणि त्याच्या बदल्यात पाल्याचं पाकीट न्या. घेताना मूठ दाबून आणि वास घेऊन बघतो. काळंभोर, भुसभुशीत, मूळ भाजी ओळखू न येणारं असेल तरच घेतो. अर्धकच्चं असेल तर अजून पंधरा दिवस मुरवा म्हणून परत देतो. लोकांना राग येत नाही, उलट दुसऱ्यांदा ते चांगलं करून आणतात.

असं गोळा केलेलं खत पाकिटात भरून, नाव छापून विकायचा मोह होईल. त्याआधी थांबा. खत म्हणून विक्रीला खत नियंत्रण आदेश, १९८५ लागू होतो. त्यात शहरी कंपोस्टचे ओल, कार्बन-नायट्रोजन प्रमाण, जड धातू असे निकष दिलेले आहेत. कृषी विभागात जाऊन परवाना आणि तपासणीची माहिती घेतल्याशिवाय त्यात पडू नका. आपसात अदलाबदल करणं वेगळं आणि लेबल लावून विकणं वेगळं.

चाळणी साध्या वाळूची घ्या, मध्यम छिद्रांची. खाली पडेल ते कुंड्यांना. वर जाडंभरडं राहील, न मुरलेली देठं, पानांच्या शिरा, थोडा चोथा. ते फेकू नका. छोट्या पिशव्यांत भरून काउंटरच्या खाली ठेवा. उद्या जे गिऱ्हाईक नवा डबा घ्यायला येईल, त्याला ते विरजण म्हणून लागणार आहे.